पुस्तक कोणावर?

भरताच्या वांग्यांना सुरीने टोचे मारायचं काम यंदा हेमराजकडे आलं, तेव्हाच त्याला कळायला हवं होतं. एरवी जळगावहून त्याची गाडी मळ्यात शिरली की निंबाखालची खाट झटकली जायची, चहा यायचा, आणि दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला धाकटा भाऊ या नात्याने त्याने देशाच्या परिस्थितीवर दोन शब्द बोलावेत अशी अपेक्षा असायची. यंदा बेबाबाई वहिनीने वांग्यांचं टोपलं त्याच्या पुढ्यात सरकवलं आणि सुरी हातात दिली.

"टोच. नही तं फुटतीन इस्तवात."

"वहिनी, रागावलीस का?"

"मी कायले रागावू?" असं म्हणून वहिनी चुलीकडे निघून गेली. म्हणजे रागावली होती.

कारण सगळ्या मळ्याला ठाऊक होतं. वहिनीच्या सुनेला, दीपमालाला, बी.एड.साठी धुळ्याचं कॉलेज लागलं होतं. प्रवेशाचं घोडं फेरीमागून फेरी अडत अडत यंदा थेट डिसेंबरात आलं होतं. मंगळवारी तिने धुळ्याला हजर व्हायचं की नाही, हे आज वहिनी सांगणार होती. हेमराजचे थोरले भाऊ पितांबरआबा "घरातलं तुमी बाया पाहा, मी केयीचं पाहतो" म्हणून केळीच्या बागेत शिरून मोकळे झाले होते. दीपमालाचा नवरा भूपेंद्र बायकोसमोर हो म्हणत होता आणि आईसमोर काहीच म्हणत नव्हता. राहता राहिली वहिनी, आणि तिचं एकच म्हणणं होतं की या घरातून शहरात गेलेलं माणूस परत येत नाही. हे खूळ सुनेच्या डोक्यात कोणी घातलं, असं कोणी विचारलं नव्हतं, कारण उत्तर समोर वांगी टोचत बसलं होतं.

ज्योत्स्ना, हेमराजची बायको, शेजारी पातीचा कांदा चिरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आज तुम्ही तोंड उघडू नका. तेवढी एक मदत करा त्या पोरीला."

"अगं, मी तिच्याच बाजूने बोलणार आहे."

"म्हणूनच सांगते."

हेमराजला हे लागलं. पण ज्योत्स्नाचं काही चुकत नव्हतं, आणि ते का, हे कळायला या घराची एक रीत सांगावी लागेल. ही रीत हेमराजच्या वडिलांची, नानांची. गावच्या वाचनालयाचे चिटणीस, शांत माणूस, भांडणाचा तिटकारा. एका हिवाळ्यात भरताच्या पार्टीला बांधावरून असा काही वाद पेटला की कुटलेलं भरीत बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, तसंच राहिलं आणि माणसं उपाशी घरी गेली. नानांनी दुसऱ्या दिवशी फर्मान काढलं, की इथून पुढे आगटीपाशी, म्हणजे वांगी भाजायच्या जाळापाशी, भांडायचं नाही. मग बोलायचं काय? तर ज्याने त्याने वर्षभरात वाचलेलं आपलं आवडतं पुस्तक सांगायचं. ज्याला घ्यावंसं वाटेल त्याने घरी न्यावं.

हेतू फार थोर होता. पण भांडणाला मज्जाव केला म्हणून ते गाव सोडून जात नाही. ते गुपचूप पुस्तकात जाऊन बसलं. पुढच्याच वर्षी सुगंधाअक्काने, म्हणजे बोदवडला दिलेल्या बहिणीने, एका साध्वीचं चरित्र सांगितलं. त्या साध्वीला भावांनी भाऊबीजेला बोलावलेलं नसतं. सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी त्याच्या पुढच्या वर्षी एक कथासंग्रह सांगितला, ज्यात धाकटा मुलगा नोकरीच्या गावी घर घेतो आणि आईच्या दहाव्याला उशिरा पोहोचतो. सगळ्यांनी हेमराजकडे पाहिलं. ज्योत्स्नाने एकदा अगदी हसतमुखाने वहिनीला पाककृतींचं पुस्तक सुचवलं, त्यानंतर दोन दिवाळ्या या घरचा फराळ त्या घरी गेला नाही. नाना गेले, रीत राहिली. पुस्तक बरं की वाईट, हे आता कोणी विचारतच नसे. सांगून झालं की अक्का एकच प्रश्न विचारी, "कोनावर?"

आणि या विद्येत सगळ्यांचा गुरू होता हेमराज. बाकीचे आयत्या वेळी हाताला लागेल ते सांगत, हा दिवाळीपासून तयारीला लागे. आबांना त्याने एकदा क्रोधावर विजय मिळवण्याचं पुस्तक सांगितलं होतं, आणि तेही महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघा मारून. आबांनी ते केळीच्या बागेत पुरलं असं घरात बोललं जातं. घड त्या वर्षी चांगले पडले होते.

मौज अशी, की या माणसाला पुस्तकांचा खरंच लळा होता. दीपनगरच्या कॉलनीत तो वाचक मंडळाचा अध्यक्ष होता. दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं, ही गोष्ट तो सहसा सांगत नसे. आवडलेलं पुस्तक तो लोकांना इतक्या पोटतिडकीने सांगे की कंट्रोल रूममधले सहकारी त्याला पाहून रजिस्टर तपासायला लागत. जळगावच्या अपार्टमेंटात तो लिफ्टमध्ये असला की शेजारी व्यायाम म्हणून जिन्याने जात. एवढ्या वर्षांत त्याने सांगितलेलं पुस्तक कोणी शेवटपर्यंत वाचल्याचा पुरावा त्याच्याकडे नव्हता. दिलेली पुस्तकं परत यायची ती न दुमडलेल्या पानांची, आणि सोबत "छान आहे" एवढाच अभिप्राय.

दीपमाला पहिली. लग्न होऊन आल्यावर पहिल्या दिवाळीला तिने त्याच्या कपाटातून एक पुस्तक नेलं आणि संक्रांतीला परत आणून दिलं ते रागावूनच. "काका, शेवटी त्याने पत्र का पाठवलं नाही? मला दोन दिवस जेवण गेलं नाही." हेमराजला गहिवरून आलं होतं. साठी उलटल्यावर त्याला वाचक मिळाला होता. तेव्हापासून तो तिला पुस्तकं देत आला, आणि तिला शिकवता येईल हे तिच्याआधी त्याच्या लक्षात आलं. धुळ्याचा अर्ज तिने भरला, पण भर म्हणणारा तो होता. आता ती पोर इथेच चुलीपाशी अडकली तर त्याला ते आयुष्यभर टोचणार होतं, हे खरं.

तर आता दीपमाला ताटात मिरच्या घेऊन आली आणि त्याच्याजवळ वाकली. "काका, मागच्या हिवाळ्यात मी माहेरी होते, आज माझी पहिलीच पाळी आहे. मी ते तपकिरी पुस्तक सांगते. तुम्ही दिलेलं."

हेमराजचा चेहरा फुलला. ते पुस्तक त्याला भुसावळला रद्दीच्या ढिगात सापडलं होतं. पानं तपकिरी पडलेली, कव्हर नाही, सुरुवातीची पानं नाहीत, त्यामुळे नाव नाही आणि लेखकही नाही. जगात त्याला सर्वांत आवडणारं पुस्तक कोणाचं, हे त्याला सांगता येत नसे. वाचक मंडळाच्या अध्यक्षाला हे शोभत नव्हतं, म्हणून लोकांपुढे तो दुसऱ्याच पुस्तकाचं नाव घेई. पण ते पुस्तक त्याने कितीदा तरी वाचलं होतं. त्यातली नदी, तो उतार, ती नाव पाण्यावर वळते ते वर्णन त्याला पाठ होतं.

"सांग ना," तो म्हणाला. "अगदी मनापासून सांग. मी आहेच."

ज्योत्स्नाने सुरी थांबवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्याला तो कौतुकाचा कटाक्ष वाटला.

आगटी पेटली. भूपेंद्रने कपाशीच्या काड्या रचून जाळ केला आणि त्यावर हिरवी-पांढरी वांगी मांडली. खाटा ओढून सगळे गोल बसले. आबा मफलर गुंडाळून, अक्का गुडघे धरून, ज्योत्स्ना परातीशी, आणि वहिनी जरा मागे, लाकडी बडगीत मिरच्या-लसूण ठेचत. सुरुवात भूपेंद्रने केली. तो दरवर्षी ठिबक सिंचनाची माहितीपुस्तिका सांगे, आणि घराण्याच्या इतिहासात कोणावरही नसलेलं तेवढं एकच पुस्तक होतं. अक्काने बारा वर्षं मौन पाळणाऱ्या एका साधूचं चरित्र सांगितलं. सगळ्यांनी ज्योत्स्नाकडे पाहिलं, ज्योत्स्नाने कांद्याकडे पाहिलं. आबांनी मधमाश्यांचं पुस्तक सांगितलं, की राणी माशी एकदा पोळं सोडून उडाली की अर्धं पोळं तिच्यामागे जातं. सगळे दीपमालाकडे पाहू लागले. दीपमाला मात्र "आबा, मला द्याल का वाचायला?" असं विचारून मोकळी झाली, आणि आबा मफलर पुन्हा गुंडाळू लागले.

मग ती उठली. हातात ते तपकिरी पुस्तक होतं.

"याला नाव नाही," ती म्हणाली. "पण मला आजवर इतकं कोणतंच आवडलं नाही. एक सरू म्हणून बाई आहे. तिच्या सासरी घाटावर नाव चालवायचा धंदा. सासू सगळ्यांत मोठी, नाव तिच्या हातात. सरूला पलीकडच्या गावात दवाखान्यात सुईणीचं काम शिकायचं असतं. घरात कोणालाच ते पटत नाही. तरी ती एक दिवस घर सोडून निघते."

बडगीतला ठोका थांबला.

हेमराजच्या हातात एक वांगं होतं, ते तसंच राहिलं. नदी, उतार, नाव हे सगळं त्याला पाठ होतं. त्या पुस्तकात एक सून आणि एक सासू आहे, हे मात्र त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. एवढ्या वर्षांचा व्यासंग आणि पुस्तक कशाबद्दल आहे त्याचाच पत्ता नाही. त्याला ज्योत्स्नाच्या कटाक्षाचा अर्थ आता लागला.

"कोनावर व माय हे?" अक्काने विचारलं. विचारायची गरज नव्हती, पण रीत होती.

दीपमाला गोंधळली. "कोणावर म्हणजे? मला आवडलं म्हणून सांगितलं."

इतक्या भोळेपणाने आजवर कोणी नाकारलं नव्हतं. त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली.

"नाव नही म्हने पुस्तकाले," अक्का आबांना म्हणाली. "नावच नही तं कसं समजीन मानसाले? फाडून आनलं आसीन."

"अक्का, ते पुस्तक माझं आहे," हेमराज म्हणाला. ज्योत्स्नाने डोळे मिटून घेतले. "मी दिलं तिला. रद्दीत मिळालं, पहिल्यापासून फाटकंच होतं. त्यात टोमणा बिमणा काही नाही. मला ते खरोखर आवडतं."

"तुले?" आबांनी मफलर सैल केला. "तू दिलं?"

"हो आबा. शपथेवर सांगतो."

"मंग तं पक्कंच झालं," आबा म्हणाले.

हेमराजने आजूबाजूला पाहिलं. त्याच्यावर विश्वास ठेवील असं तिथे कोणी नव्हतं, आणि त्यांचं बरोबरच होतं. एवढी वर्षं तो दर हिवाळ्यात इथे उभा राहून शपथेवर हेच सांगत आला होता. आज पहिल्यांदा तो खरं बोलत होता आणि त्याचा आवाज नेहमीसारखाच येत होता. दुसरा एखादा आवाज त्याने जपून ठेवला असता तर आज कामी आला असता.

वहिनी उठून पुढे आली. तिने हात पदराला पुसले.

"तू बी दोनच वर्सासाठी गेलता, हेमराज," ती शांतपणे म्हणाली. "दीपनगरले. डबा मीच बांधून देल होता. म्हने वैनी, दोन वर्सात बदली करून घेतो इकडेच. कधी आला?"

हेमराजने हातातलं वांगं खाली ठेवलं. ती या घरात आली तेव्हा तो सहावीत होता. आई अंथरुणाला खिळलेली, तेव्हा त्याला न्हाऊ घालण्यापासून परीक्षेला दही-साखर हातावर ठेवण्यापर्यंत सगळं याच बाईने केलं. तो गेला आणि मग पाहुणा म्हणूनच येत राहिला. तिला त्याची आठवण येत असेल, असं इतक्या वर्षांत त्याच्या मनातही आलं नव्हतं. टोमणा सापडावा म्हणून त्याने ढिगाने पुस्तकं चाळली होती, आणि ही साधी गोष्ट त्याला एकाही पुस्तकात दिसली नव्हती. त्याला फार वाईट वाटलं.

दीपमालाच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. "आई, मी खरंच तसं..."

"तू थांब," वहिनी म्हणाली. मग हेमराजकडे वळली. "इतकं आवडतं ना तुले? वाच. मले वाचून दाखव. मीच पाहीन कोनावर हाये ते."

आजवर आगटीपाशी पुस्तक सांगितलं जाई, वाचलं कधीच जात नसे. वाचायची कोणाला गरजच पडली नव्हती. हेमराजने चष्मा लावला, दीपमालाच्या हातून पुस्तक घेतलं आणि सुरू केलं.

पहिली दोन पानं अक्काने वाचू दिली नाहीत. सासूच्या हातात किल्ल्या आहेत म्हटलं की "हे वैनीवर." सासरा ओट्यावर बसून चिलीम ओढतो म्हटलं की "हे आबावर." त्यावर आबा म्हणाले, "मी चिलीम कुठी वढतो?" धाकटा दीर शहरातून येऊन शहाणपणा शिकवतो म्हटलं, तेव्हा अक्काला बोलावंही लागलं नाही, सगळे नुसतेच हसले, आणि हेमराजला आपल्या आवडत्या पुस्तकात आपणच आहोत हा दुसरा शोध लागला. त्याने खाकरून पुढे वाचलं.

मग सरू उतारावर आली. नदी पाहत उभी राहिली. पाणी चढायला लागलं होतं, आणि पलीकडच्या काठावर कोणीतरी कंदील हलवत होतं. पलीकडे एक बाई अडली होती. नाव होती, पण वल्हं सासूच्या खोलीत होतं.

अक्का काही बोलली नाही. पुढचं पान उलटलं तरी बोलली नाही. आबांनी मफलर काढून मांडीवर ठेवला होता. ज्योत्स्ना परात सोडून जवळ सरकली होती. भूपेंद्र, ज्याने ठिबकखेरीज काही वाचलं नव्हतं, तो हातात काडी घेऊन उभाच होता. "मंग? गेली का ती?" असं त्याने एकदा विचारलं आणि अक्काने त्याला हाताने गप्प केलं. हेमराज वाचत होता. लोक त्याला टाळून जिन्याने जात नव्हते, हे त्याच्या ध्यानात आलं, तरी त्याने वाचणं थांबवलं नाही.

सरू सासूच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, आई, मला वल्हं द्या. सासू काही बोलली नाही.

इथे हेमराजने बोट पानात अडकवलं. पुढचं पान त्याला आठवलं होतं. पुढच्या पानावर सासू पहाटे उठते, उतारावर जाते आणि नाव सोडून देते. दोर कापून, पुरात, रिकामी. सून जाऊ नये म्हणून घराण्याची नाव ती नदीला देऊन टाकते. वाचताना दर वेळी त्याला ते वर्णन फार सुंदर वाटलं होतं. नाव वळत वळत जाते ती ओळ तर त्याने वाचक मंडळात मोठ्याने म्हणूनही दाखवली होती. आता ती ओळ वहिनीच्या तोंडावर वाचायची होती, आणि मंगळवार दोन दिवसांवर होता.

तो पाण्यासाठी थांबला. पाणी प्यायला. चष्मा पुसला. पुन्हा पाणी प्यायला.

"वाच ना रे," वहिनी म्हणाली. तिचा आवाज निराळाच होता.

"वाचतो. अं... पुढे जरा पान चिकटलंय..."

"माय व," ज्योत्स्ना ओरडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा हेमराजला तिचं ओरडणं गोड वाटलं. "वांगी."

वांग्यांचा कोळसा झाला होता. धूर निघत होता, आणि इतका वेळ तो कोणाच्या नाकात शिरला नव्हता. एकच धांदल उडाली. भूपेंद्र काडीने वांगी ओढू लागला, आबा पाणी पाणी म्हणत स्वतः जागचे हलले नाहीत, अक्का आणि ज्योत्स्ना देठ धरून सालं सोलू लागल्या. हेमराजने पुस्तक खाटेवर उपडं ठेवलं आणि वाचलो म्हणून घाईने कोथिंबिरीकडे धावला. आपण अगदी वेळेवर सुटलो, असं तो ज्योत्स्नाच्या कानात सांगणार होता.

तेवढ्यात त्याला दिसलं, की वहिनी वांग्यांकडे गेलेली नाही. ती खाटेवर बसली होती. पुस्तक तिने उचललं होतं. सातवी शिकलेली, श्रावणात पोथी वाचणारी त्याची वहिनी ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, हळूहळू ते पान वाचत होती. हेमराज कोथिंबिरीची जुडी धरून जागीच थांबला. दीपमालानेही पाहिलं. तिला ते पान माहीत होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही काही करता आलं नाही. वहिनीचं बोट पानाच्या शेवटी पोहोचलं. तिने पुस्तक मिटलं, थोडा वेळ केळीच्या बागेकडे पाहिलं, आणि मग उठून जळकी वांगी बडगीत कुटायला घेतली. ठोके नेहमीपेक्षा जोरात पडत होते.

केळीच्या पानांवर पुऱ्या आणि भरीत वाढलं गेलं. भरीत कडवट झालं होतं. बेबाबाईच्या हातचं भरीत बिघडलं, अशी गोष्ट पंचक्रोशीत कोणी ऐकली नव्हती, आणि कोणी नावही ठेवत नव्हतं. सगळे खाली मान घालून जेवत होते. दीपमालाच्या पानावर घास तसाच होता. हेमराज मनातल्या मनात मंगळवारची तयारी करत होता. आबांशी बोलून पाहू, भूपेंद्रला समजावू, फार तर पुढच्या वर्षी जळगावला प्रयत्न करू. आणि या घरात पुन्हा कधी पुस्तक सांगायचं नाही, असंही त्याने ठरवून टाकलं.

वहिनी शेवटी आपलं पान घेऊन बसली. एक घास खाल्ला. मग म्हणाली, "मले बी एक पुस्तक सांगायचं हाये."

सगळ्यांचे हात थांबले. पुस्तकं सांगायची वेळ आणि तिची बडगीपाशी राबायची वेळ नेहमी एकच असायची. तिची पाळी कधी आलीच नव्हती, आणि ती आली नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"हेच सांगते. आताचं. थोडं ऐकलं, थोडं माही मी वाचलं." तिने पदर सावरला. "त्याच्यात एक सासू हाये. नाव तिची, घाट तिचा, बठ्ठं तिच्या हातात. सून म्हने, मले पल्याड जानं हाये. सासूले वाटे, ही गेली का गेली, मी एकटी पडीन. रातभर नीज नही आली तिले. नदीले पूर. सकायी सकायी उठली, उतारावर गेली..."

दीपमालाने मान वर केली.

"...आन् वल्हं घेऊन सोता नावीत बसली," वहिनी म्हणाली. "म्हने, बस व माय. इतक्या पुरात पल्याड सोडून आली तिले. आन् नाव घेऊन एकटी परत आली."

आबांनी पुरी खाली ठेवली आणि बायकोकडे असं पाहिलं, जसं या संसारात त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी नेहमीप्रमाणे जाणकाराकडे तोंड वळवलं.

"आसंच हाये का रे पुस्तकात, हेमराज?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. हा माणूस दुसऱ्याने गोष्ट सांगताना मधल्या पात्राचं नाव चुकलं तरी बोट वर करून दुरुस्त करणारा होता. ज्योत्स्ना सवयीने त्याच्या पायावर पाय द्यायला सरकली, पण तशी गरज पडली नाही.

"असंच आहे, आबा," हेमराज म्हणाला. "अगदी शब्द न् शब्द."

दीपमाला ओंजळीत तोंड लपवून रडत होती. भूपेंद्रने इकडे तिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा आईसमोर बायकोच्या बाजूने एक वाक्य बोलला. "मंग... मंगळवारची गाडी सांगून ठेवू का, आई?"

"ठेव. मी बी येईन सोडाले."

जेवण पुन्हा सुरू झालं. फक्त अक्का अजून अस्वस्थ होती. एवढं पुस्तक सांगून झालं आणि रीत पुरी झाली नाही, हे तिला सोसेना.

"पन कोनावर व वैनी हे?"

"माह्यावर," वहिनी म्हणाली, आणि तिने दीपमालाच्या पानावर भरीत वाढलं.